पैसे अडकले, तर दाद कुठे मागायची?

वालूरसारख्या गावातही आता किराणा दुकानापासून चहाच्या टपरीपर्यंत क्यूआर कोड दिसतो. पुण्या-मुंबईला कामाला गेलेल्या मुलाचे पैसे अम्मीच्या खात्यात क्षणात येतात. सोय मोठी आहे. पण कधी खात्यातून रक्कम कापली जाते आणि समोरच्याला पोचत नाही. मजुरीवर चालणाऱ्या घरात पाचशे रुपये अडकले, तर त्या दिवशीचा बाजार राहतो. ॲपवर मात्र माणूस भेटत नाही, ठरावीक उत्तरेच येतात.

अनेक जण इथेच गप्प बसतात. तसे करू नये. यूपीआय २०१६ मध्ये सुरू झाले. ते चालवणाऱ्या नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनवर २००७ च्या कायद्यानुसार रिझर्व्ह बँकेची देखरेख आहे. सप्टेंबर २०१९ च्या नियमाप्रमाणे एकाने दुसऱ्याला पाठवलेली रक्कम पोचली नाही, तर ती दुसऱ्या दिवसापर्यंत परत यायला हवी. दुकानदाराच्या बाबतीत ही मुदत पाच दिवस आहे. त्यापुढे रोज शंभर रुपये भरपाई, तीही न मागता मिळायला हवी.

पैसे परत आले नाहीत, तर आधी ॲपमध्ये तो व्यवहार उघडून तक्रार नोंदवा. मग बँकेत लेखी अर्ज देऊन पोच घ्या. व्यवहार क्रमांक आणि तारीख वहीत लिहा. देण्याघेण्याचे लिहून ठेवण्याची ताकीद आपल्याला नवी नाही. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. २०२१ पासून बहुतेक बँकांसाठी ही एकच योजना आहे. फी नाही, वकील लागत नाही. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे.

फसवणुकीची गोष्ट वेगळी. इंटरनेटवर शोधलेला ‘कस्टमर केअर’ नंबर अनेकदा ठगाचाच असतो. नंबर ॲपमधूनच घ्या. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, हे घरातल्या प्रत्येकाला सांगा. तरीही पैसे गेलेच, तर लगेच १९३० वर फोन करा आणि बँकेला कळवा. जितका उशीर, तितकी रक्कम हातातून निसटते.

आणि हा उशीर बहुधा घरातच होतो. रागावतील म्हणून सून बोलत नाही, आजोबा लपवतात. ज्या घरात चूक सांगायची भीती नसते, तिथे फोन वेळेवर जातो.