दाबून धरण्याची विद्या

दसरा-दिवाळी सरली की कपिलधारच्या आसपासची, बालाघाटाच्या डोंगरांतली कितीतरी घरं कोयता घेऊन उसाच्या फडावर जातात. अशा स्थलांतरात टीबीची औषधं मध्येच तुटली, तर आजार बरा झाल्यावरही फुप्फुसावर त्याच्या खुणा राहतात. पुढे कधी त्याच फुप्फुसाची शस्त्रक्रिया करायची वेळ आली, की सर्जनला पहिली धास्ती असते रक्तस्रावाची.

आता अशी शस्त्रक्रिया दुर्बिणीनेही होते; आणि दुर्बीण छातीत शिरली तीच मुळी टीबीसाठी. स्टॉकहोममध्ये हान्स क्रिश्चन याकोबेयुस यांनी 1910मध्ये हा मार्ग दाखवला आणि 1913पासून छातीला चिकटलेलं फुप्फुस ते तापलेल्या तारेने सोडवू लागले. चिकटलेल्या पट्ट्यांत रक्तवाहिन्या असत, त्यामुळे भीती तेव्हाही रक्ताचीच होती. पुढे टीबीवर औषधं आली आणि ही शस्त्रक्रिया मागे पडली.

दुर्बीण परतली कॅमेऱ्यासोबत. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमटन उडवाडिया यांनी 1990मध्ये दुर्बिणीने पित्ताशय काढलं. त्याच सुमारास इटलीत रोव्हिआरो यांनी फुप्फुसाचा अख्खा खंड याच पद्धतीने काढला. धमनी कापतानाच दोन्ही टोकांना टाचण्यांच्या ओळी मारणारा स्टेपलर नसता, तर हे धाडस फार थोड्यांनी केलं असतं. 2010मध्ये स्पेनच्या गोन्झालेझ-रिव्हास यांनी तर एकाच छिद्रातून खंड काढून दाखवला.

माझ्या मते खरी प्रगती छिद्रं कमी होण्यात नाही. फुप्फुस धमनीतून मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त वाहतं आणि तिची भिंत पातळ असते. ती फाटली की क्षणात पडदा लाल होतो, काही दिसेनासं होतं. पण तिच्यातला दाब जेमतेम 25, हातावर मोजतो त्या 120च्या पाव हिश्शाएवढाही नाही. म्हणून लांब चिमट्यातला गॉजचा बोळा हलकेच दाबून धरला तर रक्त थांबतं. घाबरून आंधळेपणाने चिमटा लावला, तर भोक मोठं होतं. दाबा, थांबा, रक्त मागवा, भूलतज्ज्ञाला सांगा आणि मगच ठरवा: आतूनच टाका घालायचा की छाती उघडायची. गेल्या तीस वर्षांत सर्जन हा क्रम शिकले, आणि मला तो कोणत्याही यंत्राहून मोलाचा वाटतो.

श्वासनलिकेच्या धमन्यांचं मात्र वेगळं. त्या बारीक असल्या तरी महाधमनीतून निघतात, त्यामुळे पूर्ण दाबाने उसळतात. जुन्या टीबीत त्या फुगतात. शिवाय चुन्यासारख्या कडक झालेल्या गाठी फुप्फुस धमनीला अशा चिकटतात, की सोडवताना भिंतच फाटावी. परदेशी व्हिडिओत सुबक दिसणारी शस्त्रक्रिया आपल्याकडे रेंगाळते ती इथे.

त्यामुळे दुर्बिणीने सुरू केलेलं ऑपरेशन छाती उघडून पूर्ण झालं, तर ते फसलं असं नातेवाइकांनी समजू नये. संमतीपत्रावर ‘गरज पडल्यास छाती उघडून’ हे शब्द असतातच. सही करण्याआधी ते का लिहिलेत हे सर्जनला जरूर विचारावं, आणि किती रक्त तयार ठेवलंय हेही.