हिरवी झाडं झाली पांढरी!

दुपारचं रणरणतं ऊन, काळंभोर आकाश आणि बर्फ पडल्यासारखी झाडं. हा फोटो काश्मीरचा नाही, पुण्यातल्या वेताळ टेकडीचा आहे. कॅमेऱ्याच्या पोटातली एक छोटी काच बदलायची, की नेहमीचं शहर एकदम परकं दिसायला लागतं. आणि हो, ही काच आता तुम्हाला स्वतःच्या हाताने बदलता येते!

आधी एक गंमत करून बघा. टीव्हीचा रिमोट घ्या. मोबाइलचा सेल्फी कॅमेरा चालू करा, रिमोटचं तोंड त्याच्याकडे धरा आणि कुठलंही बटण दाबा. बऱ्याच मोबाइल्सच्या स्क्रीनवर रिमोटच्या टोकाला एक जांभळट दिवा लुकलुकताना दिसेल. आता तोच रिमोट नुसत्या डोळ्यांनी बघा. काहीच नाही!

हा जो दिवा कॅमेऱ्याला दिसतो आणि आपल्याला दिसत नाही, तो म्हणजे इन्फ्रारेड. शाळेत आपण 'अवरक्त किरण' म्हणून पाच मार्कांसाठी पाठ केलेला आणि परीक्षेनंतर विसरलेला. आपल्या डोळ्यांची धाव साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर. कॅमेऱ्यातला सिलिकॉनचा सेन्सर मात्र त्याच्या पुढे हजार नॅनोमीटरपर्यंत बघू शकतो. म्हणजे तुमच्या कपाटात पडलेल्या जुन्या डीएसएलआरची नजर तुमच्यापेक्षा कितीतरी तेज आहे. फक्त कंपनीने तिला चष्मा घालून ठेवलाय!

चष्मा कशासाठी?

हा चष्मा म्हणजे सेन्सरच्या अगदी पुढ्यात बसवलेली एक काच. इन्फ्रारेड अडवायचं, बाकीचा उजेड आत सोडायचा, एवढंच तिचं काम. ती नसेल तर काय होतं, याचं झक्कास उदाहरण म्हणजे २००६ साली आलेला लायकाचा एम८. किंमत डोळे पांढरे करणारी, नाव जगात मोठं. पण त्यात ही काच जरा पातळ पडली आणि काळे सिंथेटिक कपडे फोटोत चक्क जांभळट यायला लागले. शेवटी लायकाने ग्राहकांना लेन्सवर लावायचे दोन-दोन फिल्टर फुकट देऊ केले.

पण फोटोग्राफर मंडळी उलट्या खोपडीची. जे कंपनीला नको, तेच यांना हवं! म्हणजे मुद्दाम ही काच काढून टाकायची.

तसं हे वेड जुनंच आहे. १८०० साली विल्यम हर्शेलने लोलकातून उन्हाचे रंग पाडले आणि थर्मामीटर तांबड्या रंगाच्याही पलीकडे ठेवला, तर पारा तिथेही चढला. न दिसणाऱ्या उजेडाचा तो पहिला पुरावा. पुढे १९१० साली रॉबर्ट वुड या अमेरिकन शास्त्रज्ञाने या उजेडात काढलेले फोटो लोकांसमोर ठेवले. झाडं पांढरी शुभ्र, आकाश काळं. या पांढऱ्या झाडांना आजही 'वुड इफेक्ट' म्हणतात.

झाडं पांढरी का? पानातलं हरितद्रव्य तांबडा आणि निळा उजेड गिळतं, पण इन्फ्रारेडला हातही लावत नाही. तो पानाच्या आतल्या पेशींमध्ये इकडेतिकडे आपटतो आणि बराचसा बाहेर फेकला जातो. पान जितकं तजेलदार, तितकं जास्त चमकदार. याच फंड्यावर आपले उपग्रह पिकांची तब्येत तपासतात. १९८८ साली सुटलेल्या इस्रोच्या आयआरएस-१ए च्या कॅमेऱ्यातही त्यासाठी इन्फ्रारेडचा वेगळा पट्टा होता.

आणि एक गैरसमज आत्ताच काढून टाका. हा सिनेमात दिसणारा, माणूस लाल आणि भिंत निळी दाखवणारा थर्मल कॅमेरा नव्हे. अंगाची उष्णता टिपायला फार लांब लहरींचा सेन्सर लागतो. आपला कॅमेरा अंधारात ठेवलात तर त्याला अंधारच दिसेल.

बाळ येणार, कॅमेरा एकच

हा विषय माझ्यापर्यंत आला तो हिंजवडीतल्या एका मित्रामुळे. पेशाने सॉफ्टवेअर टेस्टर, छंदाने फोटोवेडा. पहिल्या पगारातून पैसे साठवून घेतलेला मिररलेस कॅमेरा त्याने इन्फ्रारेडसाठी बदलून घ्यायचं ठरवलं. आणि त्याच महिन्यात कळलं की घरी बाळ येणार!

"अगं, कॅमेरा एकच आहे," तो मला म्हणाला. "कायमचा इन्फ्रारेड करून टाकला, तर पोराचे पहिले फोटो काय मेणाच्या बाहुलीसारखे काढू?"

प्रश्न अगदी रास्त होता. कारण इन्फ्रारेडकडे जायचे आजवरचे रस्ते दोन. पहिला स्वस्तातला. साध्या कॅमेऱ्याच्या लेन्सवर होयाच्या आर७२ सारखा काळाकुट्ट फिल्टर चढवायचा. पण आतली काच इन्फ्रारेड अडवतेच आहे, त्यामुळे भर उन्हातसुद्धा कित्येक सेकंदांचं एक्स्पोजर आणि ट्रायपॉड सक्तीचा. वाऱ्याने पान हललं की फोटो गेला. दुसरा रस्ता म्हणजे आतली काच काढून तिथे कायमचा इन्फ्रारेड फिल्टर बसवून घ्यायचा. फोटो फटाफट निघतात, पण तो कॅमेरा साध्या फोटोंमधून कायमचा रिटायर.

तिसरा रस्ता जास्त हुशारीचा. आतली काच काढून तिथे आरपार पारदर्शक काच बसवायची. अतिनील, दिसणारा आणि इन्फ्रारेड, असा सगळा उजेड आत. याला म्हणतात फुल-स्पेक्ट्रम. मग आज काय बघायचंय, ते तुम्ही फिल्टर लावून ठरवायचं. इन्फ्रारेडचा लावा, पांढरी झाडं. इन्फ्रारेड अडवणारा लावा, पुन्हा नेहमीचा कॅमेरा!

पण हे फिल्टर लेन्सच्या तोंडावर लावायचे म्हणजे वैताग. प्रत्येक लेन्सचा व्यास वेगळा, म्हणजे प्रत्येक साइझचा सेट वेगळा. पुढून फुगलेल्या वाइड लेन्सला तर फिल्टर बसतच नाही. म्हणून फिल्टरच कॅमेऱ्याच्या पोटात घालायची आयडिया निघाली. लेन्स काढायची, माउंटच्या आत, सेन्सरच्या पुढे एक छोटी चौकट टिच्चून बसवायची आणि लेन्स परत लावायची. एकच फिल्टर, सगळ्या लेन्सना चालतो. जर्मनीची ॲस्ट्रोनॉमिक, तैवानची एसटीसी, अमेरिकेची कोलारी व्हिजन अशा कंपन्या हे फिल्टर बनवतात. काही खटक्याने बसतात, काही चुंबकाने.

सिग्माने तर आपल्या एसडी मालिकेतल्या कॅमेऱ्यांत इन्फ्रारेड अडवणारी काच मुळातच काढता येईल अशी ठेवली होती. एसडी१४ घ्या किंवा २०१६ चा एसडी क्वात्रो, माउंटच्या आतली ती काच काढली की कॅमेरा इन्फ्रारेडला तयार. उघडझाप नाही, वॉरंटीचं टेन्शन नाही.

मिररलेस कॅमेऱ्यांनी हे काम आणखी सोपं केलं. डीएसएलआरमध्ये सेन्सरपुढे आरसा वरखाली होतो, त्यामुळे फिल्टरला जागा मिळायची मारामार. मिररलेसमध्ये ती जागा मोकळीच! शिवाय फोकस थेट सेन्सरवरून होतो. डीएसएलआरमध्ये फोकसचं यंत्र वेगळं आणि इन्फ्रारेडचा फोकस थोडा वेगळ्या जागी, त्यामुळे फोटो हमखास बुळबुळीत येण्याची भीती.

थोडक्यात, मित्राला उत्तर मिळालं. कॅमेरा फुल-स्पेक्ट्रम, आत बदलायचे दोन फिल्टर. एक टेकडीसाठी, एक बाळासाठी.

दुपारी एकची फोटोग्राफी

ऑक्टोबरमधल्या एका शनिवारी आम्ही वेताळ टेकडीवर गेलो. वेळ मुद्दाम दुपारी एकची! एरवी फोटोग्राफर ज्या उन्हाला शिव्या घालतात, ते इन्फ्रारेडला फार मानवतं. म्हणजे पहाटे उठायचा कंटाळा असणाऱ्या आपल्यासारख्यांसाठी हा छंद अगदी मापाचा.

मित्राने आधी ७२०चा फिल्टर बसवला. हा सगळ्यात लोकप्रिय. म्हणजे ७२० नॅनोमीटरच्या आधीचा उजेड बंद. स्क्रीनवर टेकडीवरची सगळी झाडं पिठाने माखल्यासारखी. लांबवरच्या इमारती एरवी धुरकट दिसतात, त्या मात्र स्वच्छ. कोरड्या धुरक्यात लांब लहरी कमी विखुरतात ना, त्याचा हा फायदा. ८५०चा फिल्टर लावला तर रंग संपलाच, उरलं कडक ब्लॅक अँड व्हाइट. ५९०चा फिल्टर मात्र थोडा दिसणारा उजेडही आत सोडतो. मग कॉम्प्युटरवर लाल आणि निळ्या रंगांची अदलाबदल केली की आकाश निळं आणि झाडं सोनेरी!

मग आम्ही एकमेकांचे फोटो काढले आणि मला खरा धक्का तिथे बसला. मी सावळी, तो गोरापान. फोटोत मात्र दोघंही जवळजवळ सारखेच! त्वचेचा रंग ठरवणारं मेलॅनिन या उजेडात फारसं काही गिळत नाही, त्यामुळे गोरं-सावळं हा भेद बराचसा पुसला जातो. गोरेपणाच्या क्रीमवर पैसे उडवणाऱ्यांना हा फोटो एकदा दाखवायला हवा. त्याची काळी ऑफिस पँट पांढुरकी आली आणि बाटलीतला कोला पाण्यासारखा.

नुसतं हटके, की त्याहून जास्त?

असे फोटो बघून 'फोटोशॉप केलंय' म्हणणारे भेटतातच. पण रिचर्ड मॉस या आयरिश कलाकाराचं काम बघा. कॅमफ्लाजमागे लपलेलं शोधायला लष्कराने वापरलेली कोडॅकची एरोक्रोम ही इन्फ्रारेड फिल्म त्याने पूर्व काँगोतल्या युद्धात नेली. हिरवे डोंगर गुलाबी झाले आणि जगाने दुर्लक्ष केलेलं युद्ध २०१३ च्या व्हेनिस बिएनालेत लोकांना थांबून बघावं लागलं. चित्रांच्या रंगाखालचं मूळ रेखाटन शोधायला आणि कागदपत्रांतली खाडाखोड पकडायलाही इन्फ्रारेड कामाला येतं.

याला दुसरी बाजूही आहे आणि ती गंभीर आहे. काही पातळ सिंथेटिक कपडे या उजेडात थोडेफार पारदर्शक दिसू शकतात. १९९८ साली सोनीच्या नाइटशॉट हँडीकॅमवरून याच कारणाने गदारोळ झाला आणि कंपनीला बदल करावा लागला. २०२० मध्ये वनप्लस ८ प्रोच्या एका कलर फिल्टरचंही तेच झालं. तेव्हा नियम सरळ आहे. माणसांचे फोटो विचारून काढायचे आणि काढलेला फोटो आधी त्यांना दाखवायचा. मित्राने मला प्रत्येक फोटो दाखवला. त्यातला एक मी डिलीट करायला लावला, त्याने काही न विचारता केला.

त्याच्या बाळाचे फोटो आता त्याच कॅमेऱ्याने निघतात. रंग जरासे हलतात, व्हाइट बॅलन्स हाताने सेट करावा लागतो, एवढंच. वहिनींची एकच अट आहे. फोटो काढण्याआधी आत कोणती काच आहे ते तपासायचं!

उडी मारण्याआधी...

• घरी कॅमेरा उघडू नका. फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये जोरदार झटका देण्याइतका करंट साठलेला असतो. काम जाणकाराकडूनच करून घ्या. वॉरंटी जाते, हे गृहीत धरा.

• आपलं मॉडेल चालेल का, आधी विचारा. काही मिररलेस कॅमेऱ्यांच्या आत स्वतःचाच इन्फ्रारेड दिवा असतो आणि तो फोटोत उतरतो.

• काही लेन्सना इन्फ्रारेडमध्ये फोटोच्या मध्यावर पांढुरका डाग येतो. ॲपर्चर बारीक केलं की तो वाढतो. लेन्स आधी तपासा.

• मागचा भाग आत घुसणारी लेन्स पोटातल्या फिल्टरवर आपटू शकते. कंपनीची यादी बघा.

• फिल्टर बदलताना कॅमेऱ्याचं तोंड खाली ठेवा, वाऱ्यात बदलू नका, काचेला बोट लावू नका. ब्लोअर खिशात हवाच.

• व्हाइट बॅलन्स उन्हातल्या गवतावर सेट करा आणि रॉमध्ये शूट करा.

• एकदम पाच फिल्टर घेऊ नका. एक ७२० आणि एक साध्या फोटोंचा, सुरुवातीला पुष्कळ झालं!