बंधाऱ्यावरच्या वाटा

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

पावसाळ्यात आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात बातम्या लागल्या, की एक यादी हमखास ऐकू येते. पंचगंगेवरचे राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी. दूधगंगेवरचे सिद्धनेर्ली, सुळकूड, दत्तवाड. वेदगंगेवरचे निळपण, वाघापूर, कुरणी, बस्तवडे. अमुक इतके बंधारे पाण्याखाली गेले. लोक ही यादी ऐकतात आणि गावाला कोणत्या वाटेनं जायचं ते बदलतात. मी कागलचा, सायकलवर फिरणारा माणूस. माझ्यासाठी ही यादी म्हणजे नकाशा आहे. फक्त तो उलटा वाचायचा. आज जे बंधारे पाण्याखाली आहेत, ते ऑक्टोबरात उघडे पडले की तिथूनच शांत रस्ते सुरू होतात.

हे कसं, ते सांगतो. या बंधाऱ्यांना सगळ्या महाराष्ट्रात 'कोल्हापूर पद्धतीचा बंधारा' म्हणतात. नदीत ओळीनं खांब उभे करायचे, दोन खांबांच्या मधल्या गाळ्यात बरगे घालायचे, बरग्यांच्या दोन ओळींमध्ये माती ठासायची, की पाणी अडलं. पावसाळ्याआधी बरगे काढून ठेवायचे आणि पुराला मोकळी वाट द्यायची. पाऊस सरला की पुन्हा घालायचे. खांबांवर माणसांना वावरता यावं म्हणून जी अरुंद पट्टी टाकली, तिचा पुढं पूल झाला. त्यावरून शेतकरी, म्हशी, दूधवाले, शाळेची पोरं जातात. मोटारसायकल जाते, बऱ्याच ठिकाणी छोटी मोटारही कशीबशी निघते. सोळा चाकांचा ट्रक मात्र जात नाही. आणि ज्या रस्त्याच्या तोंडाशी ट्रक न मावणारा पूल आहे, त्या रस्त्यावर ट्रक कशाला येईल? पाणी अडवण्यासाठी केलेली सोय वाहनं गाळणारी चाळणी होऊन बसली आहे. एक सावधगिरी मात्र हवी. बऱ्याच बंधाऱ्यांना कठडे नसतात, कडेला शेवाळ असतं. तिथं खाली उतरून सायकल हातानं ढकलत न्यावी. यात कमीपणा नाही.

हे ज्ञान माझं नाही, माझ्या अब्बांचं आहे. आम्ही मणेर, म्हणजे बांगड्या विकणारे. अब्बा कॅरेजवर काचेच्या बांगड्यांची पेटी बांधून गावोगावच्या बाजारांना आणि घरोघर चुडे भरायला जायचे. काचेचा माल घेऊन जाणाऱ्याला रस्ता जसा कळतो, तसा इंजिनिअरलाही कळत नसेल. खड्डा म्हणजे फुटलेले दोन डझन. मागून भोंगा वाजवत येणारी गाडी म्हणजे रस्त्याखाली उतरणं, आणि उतरलं की पुन्हा काच. म्हणून मऊ, रिकामे, थोडे लांबचे रस्ते त्यांनी पाठ केले होते. मी बी.ए. झालो, कविता लिहू लागलो आणि सरळ हमरस्त्यानं सायकल मारू लागलो. मला वाटायचं, अब्बा उगीच फेरा घेतात.

जानेवारी 2011 मध्ये एका कविसंमेलनाहून रात्री परतत होतो. रस्त्याकडेला उसानं भरलेली ट्रॉली उभी होती. मागे दिवा नाही, चकाकणारी पट्टी नाही, चाकाखाली दगड लावून ड्रायव्हर कुठंतरी गेलेला. समोरून येणाऱ्या गाडीच्या प्रकाशानं डोळे दिपले आणि मी त्या उसातच जाऊन आदळलो. गळपट्टीचं हाड मोडलं. ऊस होता म्हणून वाचलो, लोखंड असतं तर आज बोलायला नसतो. अब्बा दवाखान्यात आले. तब्येतीबद्दल त्यांनी पुष्कळ नंतर विचारलं. आधी विचारलं, "ह्यो रस्ता तुला कुनी दावला?"

हात गळ्यात बांधलेला होता तेवढे सहा आठवडे ते रोज संध्याकाळी माझ्या खाटेशी बसून रस्ते सांगत आणि मी डाव्या हातानं वहीत उतरवून घेत असे. सिद्धनेर्लीला दूधगंगा ओलांडायची. वेदगंगेच्या काठाकाठानं वर जायचं, बस्तवडे, कुरणी, वाघापूर, निळपण. ज्या काठाला गर्दी दिसेल तो सोडून बंधाऱ्यावरून पलीकडे व्हायचं. पुढं गारगोटी. त्यांची हद्द तिथं संपायची. पूर्वेला सुळकुडावरून सीमेच्या आत-बाहेर करत दत्तवाड, कुरुंदवाड आणि खिद्रापूरचं कोपेश्वराचं देऊळ. हा सगळा भाग सपाट, नवशिक्यानं इथून सुरुवात करावी. वाटेत पाट्यांवरची लिपी कानडी होते, बोलणं मराठीच राहतं. कुठल्या विहिरीचं पाणी गोड, कुठल्या घरची आजी ताक देते, हेही वहीत आहे. त्यातल्या आज्या आता नाहीत. विहिरींचंही फार खरं नाही.

ज्यांच्या घरी अशी वही नाही त्यांनी मैलाचे दगड वाचावेत. दगडाचा माथा पिवळा असेल तर तो राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्यमार्ग. केशरी माथा दिसला की ओळखावं, हा पंतप्रधान ग्रामसडक योजनेतला रस्ता. ही योजना डिसेंबर 2000 मध्ये सुरू झाली. गावाला बारमाही रस्ता मिळावा हा तिचा हेतू, त्यामुळे डांबर बरं असतं आणि रुंदी साधारण पावणेचार मीटर, म्हणजे एका गाडीपुरती. रस्ता कुठंतरी लांब पोचवण्यासाठी नाही, गावात नेऊन सोडण्यासाठी आहे. म्हणून परक्या गाड्या नाहीत. बेल्जियममध्ये लिम्बर्ग नावाचा जुना कोळसाखाणींचा मुलूख आहे. तिथं ह्यूगो बोलेन नावाच्या एका खाण अभियंत्याच्या कल्पनेतून 1995 मध्ये अशा शांत रस्त्यांच्या तिठ्यांना नंबर दिले गेले. सायकलवाल्यानं चार-सहा आकडे कागदावर लिहून घ्यायचे आणि निघायचं. पुढं शेजारच्या हॉलंडनंही ते उचललं. आपल्याकडे नंबर नाहीत, पण प्रत्येक फाट्याला आणि तिट्ट्याला नाव आहे आणि तिथं चहाची टपरी आहे. आकड्याला रस्ता विचारता येत नाही, टपरीवाल्याला येतो.

आता वेळेचं गणित. आमच्या तालुक्यात रस्ता शांत आहे की नाही हे साखर कारखाना ठरवतो. गळीत हंगाम सुरू झाला की साधारण मार्चपर्यंत केशरी दगडाचा रस्ताही दुहेरी ट्रॉल्यांनी भरून जातो, कारण ऊस शेतातूनच निघतो ना! हवा मात्र त्याच दिवसांत सुरेख. मग मधली फट शोधायची: पाऊस थांबलेला, बंधारे उघडे पडलेले, मोळी अजून पडलेली नाही. ते ऑक्टोबरातले दोन-तीन आठवडे. मुदाळतिट्ट्याकडून जाणार असाल तर कॅलेंडरही बघा. शेजारी आदमापूरला बाळूमामांचं देऊळ आहे आणि अमावस्येला तिथं रस्ता दिसत नाही, माणसंच दिसतात.

बरं, समुद्र? कागलच्या माणसाला सायकलवरून समुद्र गाठायचा तर सुमारे दीडशे किलोमीटर. मुदाळतिट्टा, राधानगरी, दाजीपूर, मग फोंडा घाट उतरून देवगड. मी दोन दिवस घेतो. दाजीपूरचं जंगल दिवसाउजेडी पार करावं, संध्याकाळी रस्त्यावर गवे येतात आणि त्यांना घंटी कळत नाही. खाली उतरल्यावर मुंबई-गोवा महामार्ग नुसता ओलांडायचा, त्याच्या नादी लागायचं नाही. तो चौपदरी झाला याबद्दल मी त्याचा ऋणी आहे. घाईची सगळी माणसं त्यानं स्वतःकडे ओढून घेतली आणि किनाऱ्याचा जुना रस्ता आपल्यासाठी मोकळा सोडला. देवगड, कुणकेश्वर, मिठबाव, आचरा, मालवण, पुढं परुळे, वेंगुर्ले, शिरोडा, रेडी. सुट्ट्यांचे दिवस सोडले तर या रस्त्यावर तासाला मोजून गाड्या भेटतात.

समुद्रकाठचा रस्ता म्हणजे सपाट, हा देशावरच्या लोकांचा गैरसमज आहे. माझाही होता. किनाऱ्यावर दर काही मैलांवर खाडी, दोन खाड्यांच्या मध्ये जांभ्या दगडाचा सडा. रस्ता खाडीशी उतरतो, पूल ओलांडतो आणि लगेच सड्यावर उभा चढतो. दिवसात असे चार-पाच चढ झाले की घाट सोपा होता असं वाटायला लागतं. सड्यावर सावली नाही. सकाळी साडेदहाच्या आत वाडीत पोचावं आणि चारपर्यंत हलू नये. शिरोड्याला मी नेहमी थांबतो. तिथली मिठागरं 1930 च्या सत्याग्रहामुळे सर्वांना ठाऊक आहेत, पण वि. स. खांडेकर 1920 पासून तिथल्या शाळेत शिकवत होते आणि 1938 मध्ये तिथून कोल्हापूरला आले, म्हणजे आपण जो रस्ता उतरून जातो तो ते चढून आले, हे मला जास्त जवळचं वाटतं.

एक गोष्ट सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. मला सगळ्यात आवडणारा रस्ता गारगोटीहून कडगाव आणि पाटगावला जातो. पाटगाव म्हणजे मौनी महाराजांच्या मठाचं गाव, अलीकडे 'मधाचं गाव' म्हणूनही ओळखलं जाणारं. पुढं सह्याद्रीचा कडा. कोकणात उतरणारा रुळलेला मोटाररस्ता नाही, म्हणून शांतता. एकदा तिथल्या एका गृहस्थांपुढं मी या शांततेचं फार कौतुक केलं. ते म्हणाले, "तुमाला बरं वाटतंय, पर आमची सून अडली तवा हीच शांतता हुती." मी गप्प झालो. बांगड्या भरायला गेलेल्या अब्बांना हे माहीत असणार. सासुरवाशिणी त्यांच्यापाशी काय काय बोलायच्या, ते त्यांनी वहीत सांगितलं नाही.

तेव्हापासून रस्ता नको असं मी म्हणत नाही. किनाऱ्यावरच्या खाड्यांवर पूल व्हावेत, घाट व्हावेत. पण कशासाठी आणि किती रुंद, एवढं विचारावंसं वाटतं. शक्तिपीठ महामार्गाच्या आखणीत आमच्या कागल, भुदरगड, आजरा तालुक्यांतली गावं आली तेव्हा, 2024 मध्ये, शेतकरी रस्त्यावर उतरले. त्यांनाही रस्ते हवेच आहेत. पाणंद पक्की करा म्हणून तेच लोक वर्षानुवर्षं अर्ज करत आले आहेत. पाणंदीत एसटी येते, दूध जातं, बाळंतीण वेळेवर पोचते. आणि सायकलवाल्याची कुणाला अडचण होत नाही.

अब्बा आता नाहीत. वही आहे, तिच्या मागच्या पानांवर मी किनाऱ्याचे रस्ते जोडले आहेत. या पावसाळ्यात बातम्यांतली यादी जरा लक्ष देऊन ऐका. रोज एकेक नाव कमी होत जाईल. सिद्धनेर्लीचं नाव गळलं, की मी चाकात हवा भरतो.