भिंतीचा फोड आधी फोडून पाहा

तुमच्याकडे महालक्ष्म्या कोणत्या खोलीत बसतात? आमच्या हट्ट्याच्या घरी मधल्या खोलीत, न्हाणीघराला लागून असलेल्या भिंतीशी. त्यामुळे श्रावण लागला की सासूबाईंचं वाक्य ठरलेलं, "अगं, त्या भिंतीला रंगाचा हात द्यायला हवा." मराठवाड्यात घरोघरी हेच चालतं. आणि भगिनींनो, चूक होते ती इथंच! पावसाळ्यात भिंत पोटभर पाणी पिऊन बसलेली असते आणि आपण तिला वरून ऑइलपेंटचा रेनकोट चढवतो. आतली ओल मग बाहेर पडणार कुठून?

दोन वर्षांपूर्वी आम्ही नेमकं हेच केलं. पाहुणे येणार म्हणून मोतिया रंगाचा चकचकीत ऑइलपेंट दिला. महालक्ष्म्यांचे तीन दिवस भिंत काय सुरेख दिसली म्हणता! पण दसऱ्यापर्यंत खालच्या कमरेइतक्या भागावर टपोरे फोड. सासूबाई म्हणाल्या, "भिंतीला देवी आल्या की काय गं?" आम्ही हसलो. दिवाळीनंतर पोपडे सुटू लागले आणि एके दिवशी मी शाळेतून येऊन पाहते, तर आमचा धाकटा भिंतीशी बसून पोपडे सोलतोय आणि त्यातला एक तोंडात! तेव्हा मात्र हसू पळालं.

हे प्रत्येक आईला ठाऊक हवं. जुन्या ऑइलपेंटमध्ये पुष्कळदा शिसं असे. आपल्याकडे घरगुती रंगांत दहा लाख भागांमागे ९० भागांहून जास्त शिसं नको, हा नियम लागू झाला तो १ नोव्हेंबर २०१७ पासून. म्हणजे वरचा हात नवा असला तरी खालचे जुने थर पोपड्याबरोबर निघतातच. शिसं थोडं पोटात गेलं तरी मुलांच्या मेंदूच्या वाढीला बाधतं. मूल पोपडे खाताना दिसलं तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा, रक्तात शिसं आहे का ते तपासता येतं. आम्ही तपासून घेतलं, सुदैवाने ठीक निघालं.

आता भिंतीकडे वळू. पेंटर म्हणेल, "लांबी भरून वरून एक हात मारतो, बाई." नाही म्हणा. आधी एक फोड सुरीने कापून आत पाहा. खाली उघडा गिलावा दिसला, तोही ओलसर, तर पाणी भिंतीतून येतंय. खाली जुना रंग किंवा चुना शाबूत दिसला, तर दोष वरच्या हाताचा. धुळीवर, तेलकटपणावर किंवा सुटणाऱ्या चुन्यावर रंग दिलेला असतो. स्वयंपाकघरात फोडणीच्या धुरामुळे हे हमखास होतं. तिथं रंगाआधी भिंत सोड्याच्या पाण्याने धुऊन वाळवायची.

पाण्याची आणखी एक परीक्षा आहे. प्लॅस्टिकचा हातभर तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला घट्ट लावून दिवसभर ठेवा. भिंतीकडच्या बाजूला थेंब जमले तर ओल आतली, खोलीकडच्या बाजूला जमले तर हवेतली. मग खिडकी उघडी ठेवायची सवयच औषध.

आमच्याकडे थेंब आतून होते. न्हाणीच्या मोरीचा सांधा फुटलेला, आणि मागच्या अंगणाचा उतार भिंतीकडे. त्यात आपली काळी जमीन, पाणी धरून ठेवणारी. ते पायातून वर चढतं. ह्यांनी गवंडी बोलावून सांधा बुजवला, उतार उलटा करून घेतला. रंगाला मात्र हात लावला नाही. भिंत वाळायला थेट चैत्र उजाडला. (तोवर आलेल्या-गेलेल्यांनी विचारलेच, "रंग नाही का दिला?")

मग खरवडणं. पोपडे कोरडे खरवडू नका. पाण्याचा फवारा मारून भिजवून मगच पत्रीने काढा, म्हणजे धूळ उडत नाही. घासायची मशीन तर नकोच. पोरंबाळं आणि गरोदर बाई त्या दिवशी दुसऱ्या घरी. खाली प्लॅस्टिक अंथरायचं, नंतर फरशी झाडायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची. लोणा लागला असेल तिथं मात्र पाणी नको. खार पाण्यात विरघळून पुन्हा भिंतीत शिरतो. म्हणून भिंत वाळल्यावर तो कोरड्या ब्रशने झाडून उचलायचा. फुगलेला, ठोकल्यावर पोकळ वाजणारा गिलावा काढून टाका. नवा गिलावा केला तर निदान आठवडाभर पाणी मारून मुरवा आणि नंतर वाळायला पुरते दोन-तीन महिने द्या.

त्यानंतर प्रायमर, मग लांबी, पॉलिश पेपर, पुन्हा प्रायमर आणि शेवटी रंग. प्रत्येक थर वाळल्याशिवाय पुढचा नाही. घाईचं काम इथंच नडतं.

आमचं घर जुनं, दगड-चुन्याचं. त्या भिंतीला मी ऑइलपेंट पुन्हा दिलाच नाही, चुनाच दिला. चुन्यातून भिंतीला श्वास घेता येतो. मुलं टेकली की पाठ पांढरी होते, हे खरं. गेल्या भाद्रपदात सासूबाईंनी मागे आपली जुनी हिरवी पैठणी ताणून बांधली आणि महालक्ष्म्या तिच्यापुढे बसवल्या. यंदा त्यांना जांभळी हवी आहे.