मिसरी आणि आपला ओटा

खानदेशातील खेड्यांत दातदुखीचा रुग्ण प्रथम येतो तो बहुधा वैद्याकडे किंवा औषधाच्या दुकानी. लवंगतेल वा वेदनाशामक गोळी देऊन आपण त्याची बोळवण करतो. तोंड उघडून क्वचितच पाहतो.

दंतधावनाची काडी बारा अंगुले लांब, करंगळीएवढी जाड, सरळ व गाठ नसलेली असावी, असे सुश्रुताने सांगितले. कडू रसात निंब व तुरट रसात खदिर श्रेष्ठ मानला. चरकाचा कटाक्ष हिरड्यांना इजा होऊ न देण्यावर आहे. जळगाव-धुळ्याकडे निंबाला तोटा नाही. तरीही अनेक स्त्रिया तव्यावर भाजलेल्या तंबाखूची मिसरी लावतात. तिने दुखणे तात्पुरते बधिर होते, म्हणून ती औषध ठरते आणि दिवसातून चारदा लावली जाते. दंतमंजनातील तंबाखूवर केंद्र सरकारने १९९२ मध्ये बंदी घातली, पण घरच्या तव्यापर्यंत कायदा पोहोचत नाही. ती सवय विचारूनच कळते, आणि तेही सासूबाईंच्या देखत नव्हे!

बी.डी.एस.ला सामाजिक दंतारोग्य हा स्वतंत्र विषय आहे. धुळ्यात दंत महाविद्यालयही आहे. शालाक्याच्या पदव्युत्तर वैद्यांना २०२० च्या राजपत्राने काही दंतकर्मांची मुभा दिली, त्यावर वाद पुष्कळ झाला. माझ्या मते मुखपरीक्षण त्याहून निकडीचे.

गालात पांढरा चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारा व्रण किंवा तोंड उघडण्यास अडथळा दिसल्यास गंडूषावर वेळ न दवडता त्याच दिवशी दंत महाविद्यालयाकडे वा जिल्हा रुग्णालयाकडे चिठ्ठी द्यावी. मिसरी किती वर्षे, हे तिच्यावर अवश्य लिहावे.