हाताखालचें काम

नोकरीस नुकत्याच लागलेल्या तरुणाच्या मनांत एक खंत बहुधा असतेच. रात्रीं जागून मसुदा आपण तयार करावा आणि तो वरिष्ठांच्या सहीनें बाहेर पडावा. आंकडे आपण जमवावे आणि त्यांच्या जोरावर टाळ्या दुसऱ्यानें मिळवाव्या! अशा वेळीं घरांतील वडील मंडळी 'सबुरीनें घे' असें सांगतात, तर मित्र म्हणतात, 'आपलें घोडें पुढें दामटल्यावांचून येथें कोणी विचारीत नाहीं.' दोन्ही सल्ल्यांत थोडें थोडें तथ्य आहे. परंतु दुसऱ्याचें काम मनापासून उभें करून देणें हीहि पुढें येण्याचीच एक वाट आहे, आणि ती माणसाला कोठवर नेते हें पाहावयाचें असेल तर नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांच्या उमेदवारीच्या काळाकडे वळावें.

गोखल्यांचा जन्म १८६६ सालीं रत्नागिरी जिल्ह्यांतील कोतळूक या गांवीं झाला. वडील लवकर वारले. थोरले बंधु गोविंदराव यांनीं स्वतःचें शिक्षण सोडून लहानशी नोकरी पत्करली आणि त्या तुटपुंज्या पगारांतून धाकट्या भावाचा खर्च चालविला. आपण वर चढतों तेव्हां पायाखालीं कोणाचा तरी खांदा असतो, ही जाणीव गोखल्यांना अशी घरापासूनच होती. १८८४ सालीं एल्फिन्स्टन कॉलेजांतून बी. ए. होऊन ते पुण्यास न्यू इंग्लिश स्कूलमध्यें शिक्षक झाले, आणि थोड्याच अवधींत न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांच्या सहवासांत आले.

रानडे त्यांच्याहून चोवीस वर्षांनीं वडील. सरकारी न्यायखात्यांत असल्यामुळें राजकारणांत उघडपणें उतरणें त्यांना शक्य नव्हतें. परंतु १८७० सालीं स्थापन झालेल्या सार्वजनिक सभेचे ते बुद्धिदाते होते, आणि १८७८ पासून निघणाऱ्या तिच्या त्रैमासिकांतील बराचसा मजकूर त्यांच्याच लेखणींतून, बिननांवानें, उतरत असे. अशा पुरुषाला भक्त नकोत, हात हवे असतात. ते हात गोखल्यांनीं दिले. सरकारी अहवालांचे जाडजूड ग्रंथ वाचावे, त्यांतील आंकडे निवडून काढावे, अर्जाचा किंवा लेखाचा कच्चा मसुदा करावा आणि ठरलेल्या दिवशीं रानड्यांपुढें ठेवावा. त्यांनीं दाखविलेले दोष समजून घेऊन तो पुन्हां लिहावा, असा क्रम वर्षानुवर्षें चालला. १८९० सालीं गोखले सभेचे चिटणीस झाले, तेव्हां हें काम वाढलें. कमी झालें नाहीं.

या कष्टांचें दृश्य फळ काय? सभेनें मेहनतीनें लिहिलेल्या लांबलचक अर्जांना सरकारकडून दोन ओळींची पोंच यावयाची. तरुण गोखल्यांना याचा उबग आला. तेव्हां रानड्यांनीं त्यांना समजाविलें, कीं हे अर्ज सरकारच्या नांवें लिहिलेले असले तरी ते खरोखर लोकांसाठीं आहेत. सार्वजनिक प्रश्नांचा विचार कसा करावा हें लोकांनीं त्यांवरून शिकावयाचें आहे. हेंच उत्तर मसुदा लिहिणाऱ्यालाहि लागू होतें. अर्ज सरकारदरबारीं पडून राहिला तरी तो लिहितांना शेतसारा, मिठावरील कर, लष्करी खर्च आणि हुंडणावळीचा भाव यांचें जें ज्ञान झालें, तें लिहिणाऱ्यापाशींच राहिलें.

दुसऱ्याला साहाय्य करणाराची उन्नति कां होते, याचें मर्म येथें आहे. पहिली गोष्ट ही, कीं मदतनिसाला काम आंतून दिसतें. बाहेरच्यांना भाषण ऐकूं येतें. त्यांतील कोणतें वाक्य गाळलें व कां गाळलें हें त्यालाच ठाऊक असतें. दुसरी गोष्ट, त्याच्या चुका चार भिंतींच्या आंत दुरुस्त होतात, आणि त्या दुरुस्त करणारा माणूस त्या विषयांत मुरलेला असतो. तिसरी गोष्ट विश्वासाची. ज्याच्या हातचें काम पुन्हां तपासावें लागत नाहीं, त्याचें नांव जबाबदारीची वेळ आली कीं आपोआप पुढें येतें.

तशी वेळ १८९७ सालीं आली. हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढें साक्ष देण्यासाठीं डेक्कन सभेनें गोखल्यांना विलायतेस पाठविलें. दादाभाई नौरोजी, सुरेंद्रनाथ बॅनर्जी, दिनशा वाच्छा अशा अनुभवी मंडळींच्या मालिकेंत हा तिशी ओलांडूं लागलेला प्रोफेसर बसला, आणि त्याची साक्ष उत्तम ठरली. तिच्यामागें रानड्यांची तयारी होती, आणि तितकीच आणखी एका गृहस्थाची.

हे गृहस्थ म्हणजे गणेश व्यंकटेश जोशी. शिक्षणखात्यांतील नोकरीनिमित्त ते सोलापुरास राहत. सरकारी आंकड्यांवर त्यांचा अधिकार असा, कीं त्रैमासिकांतील अर्थशास्त्रीय लेखांत त्यांचा वांटा फार मोठा होता. परंतु सरकारी नोकर म्हणून तेहि पडद्याआडच राहिले. २६ मार्च १९०२ रोजीं वरिष्ठ कायदेकौन्सिलांत गोखल्यांनीं अंदाजपत्रकावर आपलें पहिलें भाषण केलें. सरकारच्या खजिन्यांत शिल्लक पडते हें लोकांच्या सुबत्तेचें लक्षण नसून कर गरजेपेक्षां जास्त असल्याचें लक्षण आहे, असें त्यांनीं आंकड्यांनिशीं मांडलें आणि त्यांचें नांव देशभर झालें. मिठावरील कर त्या वेळीं मणामागें अडीच रुपये होता. तो १९०३ सालीं दोन रुपयांवर आला आणि १९०७ पर्यंत एका रुपयावर उतरला. तें सर्व एका भाषणाचें फळ नव्हे. तरी या मागणीला गोखल्यांनीं दिलेला जोर विसरतां येणार नाहीं. त्या भाषणाची सामुग्री पुरविण्यांत जोश्यांचा हात होता. आणि हें भाषण माझ्यापेक्षां तुमचेंच अधिक आहे, अशा आशयाचें पत्र गोखल्यांनीं त्यांना लिहिलें.

येथें मनाला टोंचणारा प्रश्न उभा राहतो. साहाय्य गोखल्यांनीं केलें व जोश्यांनींहि केलें. एक देशाचा पुढारी झाला, दुसऱ्याचें नांव अभ्यासकांपलीकडे फारसें पोंचलें नाहीं. १९१२ सालीं त्यांच्या लेखांचा व भाषणांचा संग्रह पुण्यास प्रसिद्ध झाला, परंतु तो पाहावयास ते हयात नव्हते. दुसऱ्याला हात दिला कीं आपला उत्कर्ष ठरलेलाच, असा करार कोणी कोणाशीं केलेला नसतो. पदरांत निश्चित पडतें तें एवढेंच, कीं काम अंगीं मुरतें. मान मिळणें परिस्थितीवर आणि वरच्या माणसाच्या दिलदारीवर अवलंबून असतें. म्हणून ज्याच्या नांवावर काम जातें, त्यानें मदतनिसाचें ऋण निदान गोखल्यांसारखें स्वतःच्या अक्षरांत तरी कबूल करावें.

नम्रता आणि खुशामत यांतील भेदहि ध्यानांत ठेवावा. खुशामत माणसाची होते, साहाय्य कामाला होतें. खुशामत्या चूक झांकतो. खरा मदतनीस ती वेळींच दाखवितो. ही दक्षता सुटली तर काय होतें, हेंहि गोखल्यांनीं अनुभविलें. १८९७ सालीं विलायतेंत असतांना त्यांनीं पुण्यांतील प्लेगच्या बंदोबस्तांत सोजिरांनीं केलेल्या अत्याचारांविषयीं मित्रांच्या पत्रांवर विसंबून विधान केलें. परत आल्यावर पुरावा पुढें करतां येईना, तेव्हां त्यांना जाहीर माफी मागावी लागली आणि टीकेचे कठोर प्रहार सोसावे लागले. त्यावर त्यांनीं उपाय केला तो जुनाच: प्लेगनिवारणाच्या कामाला जाऊन भिडले. १८९९ सालीं ते मुंबईच्या कायदेकौन्सिलांत निवडून आले.

जें त्यांनीं घेतलें तें त्यांनीं पुढें दिलेंहि. १८९१ सालीं फर्ग्युसन कॉलेजांत गणित शिकविण्यास माणूस हवा होता, तेव्हां मुंबईंत शिकवण्या करणारे आपले सहाध्यायी धोंडो केशव कर्वे यांना त्यांनींच बोलावून घेतलें. स्त्रीशिक्षणाच्या इतिहासांत त्या एका बोलावण्याचें मोल केवढें ठरलें, हें सर्वश्रुत आहे. १९०५ सालीं भारत सेवक समाज स्थापन केल्यावर नव्या सभासदानें पांच वर्षें शिक्षण घेत उमेदवारी करावी असा नियम त्यांनीं घातला. रानड्यांपाशीं स्वतः केलेली उमेदवारी त्यांनीं अशी संस्थेच्या नियमांत घालून ठेवली.

तेव्हां दुसऱ्याच्या सहीसाठीं मसुदा लिहिणाऱ्या तरुणानें पाहावयाचें तें इतकेंच: या कामांतून आपणांस शिकावयास मिळतें काय, आणि ज्याच्यासाठीं आपण राबतों तो आपल्याहून मोठ्या कामाला लागला आहे काय? दोन्हींचें उत्तर होकारार्थी असेल, तर सही कोणाची आहे याची काळजी कांहीं वर्षें बाजूला ठेवण्यास हरकत नाहीं.