म्हणीतला जिवा आणि प्रयोगवहीतला डेटा

पोलादपूरहून आंबेनळी घाट चढलो की प्रतापगड येतो आणि ‘होता जिवा म्हणून वाचला शिवा’ ही म्हण आठवतेच. १० नोव्हेंबर १६५९ ला अफजलखानाच्या भेटीत सय्यद बंडा महाराजांवर धावून गेला, त्याला जिवा महालाने आडवं केलं. पण म्हण नीट बघा. तिच्यातून जिवाबद्दल एकच गोष्ट कळते, ती म्हणजे तो राजाच्या कामी आला.

आता ज्यूल व्हर्नच्या ऐंशी दिवसांच्या जगप्रवासातला (१८७३) नोकर पासपार्टू घ्या. तो आधी सर्कशीत होता, पॅरिसच्या अग्निशमन दलातही होता. आज रविवार नसून शनिवार आहे, हे त्यालाच आधी कळतं, म्हणून मालक पैज जिंकतो. काल्पनिक नोकराला पूर्वायुष्य मिळालं. खऱ्या जिवाला म्हणीत तेवढी जागा नाही.

रिसर्चमध्ये याला निवडीचा पूर्वग्रह म्हणतात. नोंद कशासाठी ठेवली, यावर तिच्यात काय उरणार ते ठरतं. पहिल्या वर्षी मी वहीत फक्त नीट आलेली रीडिंग्ज लिहायचो. पुढे प्रयोग का फसतोय हे शोधायला हातात काहीच नव्हतं. तुम्ही फसलेलं रीडिंगही तारखेसकट लिहा.